कारशिवाय राहायचंय म्हणून व्हेनिस? काहीही!

भटकी: काल एकांनी लिहिलं, "परदेशात कारशिवाय राहायचंय तर व्हेनिसला जा, एकही गाडी नाही, विषय संपला." राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, त्या जुन्या शहरात आता ५० हजारसुद्धा रहिवासी उरले नाहीत, घरं पर्यटकांना भाड्याने जातात, आणि बाबागाडी घेऊन निघालात तर पुलापुलावर पायऱ्या. गाड्या नाहीत एवढ्यावर शहर राहण्याजोगं होत नाही! स्पेनमधलं पोंतेवेद्रा बघा, वस्ती ८० हजारांच्या आसपास. १९९९ पासून महापौर लोरेस यांनी मध्यभाग चालणाऱ्यांना मोकळा करून दिला, पण सामानाच्या गाड्या आणि अपंगांच्या गाड्या आत येतात. शाळा, बाजार, डॉक्टर पायी गाठता आले पाहिजेत, बाकी सगळं नंतर.

कामकरी: पूर्ण असहमत. पोंतेवेद्रात तुम्हाला नोकरी कोण देणार? व्हिसा नोकरीवर मिळतो, फुटपाथवर नाही. आधी काम कुठे मिळतंय ते बघा. मी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला राहतो, १९७७ मध्ये त्यांनी मध्यभागाचे चार तुकडे केले, एकातून दुसऱ्यात गाडी थेट जातच नाही, रिंगरोडवरून वळसा घालायचा, सायकल मात्र सरळ. कारची गरजच पडत नाही.

रेवा_क: नेदरलँड्स आणि चालणाऱ्यांसाठी?? आई राहायला आली होती, सायकलच्या लाल पट्ट्यावर चुकून पाय पडला तर एक फॅटबाइकवाला (जाड टायरची विजेवरची सायकल) ओरडत अंगावरच आला. त्यानंतर ती एकटी बाहेर पडेना. फुटपाथवर सायकली लावून ठेवतात त्या वेगळ्याच, माणसाने चालायचं कुठून?

कामकरी: लाल पट्टा सायकलचा आहे, त्यावर चालायचं नाही, यात अवघड काय? ते पट्टे फुकट नाही मिळालेले. सत्तरच्या दशकात गाड्यांखाली मुलं मरत होती म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले, 'स्टॉप द किंडरमोर्ड' आंदोलन झालं.

रेवा_क: मला इतिहास शिकवू नका. सत्तरीची बाई घाबरून घरात बसली, त्यावर तुमचं उत्तर काय तर पट्टा लाल होता! गाडी अंगावर येऊ नये म्हणून शहर निवडायचं आणि तिथे सायकल अंगावर घ्यायची?

कामकरी: ठीक आहे, फॅटबाइकचा त्रास आहे, तेवढं मान्य. त्यापुढे नाही.

सावकाश: भांडण बाजूला ठेवून जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराची वोबान ही वस्ती बघा. बऱ्याच गल्ल्यांत घरासमोर पार्किंगच नाही, गाडी असेल तर वस्तीच्या कडेच्या गॅरेजमध्ये जागा घ्यायची, नसेल तर तसं लिहून द्यायचं. ट्राम दारात. घर मिळणं कठीण, हे खरं.

भटकी: नोकरीचा मुद्दा मान्य करते, नाइलाजाने. पण नोकरी मिळाल्यावर घर कुठे घ्यायचं हे तरी आपल्याच हातात असतं ना? लोक स्वस्त भाडं बघून लांब जातात आणि सहा महिन्यांत कारचं कर्ज काढतात. रविवारी आणि रात्री बस किती वेळाने येते हे बघितल्याशिवाय करारावर सही करू नका.

रेवा_क: आणि फुटपाथही बघा. मोकळा आहे का ते.