उत्तरेकडच्या पोर्चमध्ये कमी कटकटीची झाडं कोणती लावावीत?

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर आहे. पोर्च उत्तरेला, वर स्लॅब, समोर शेजाऱ्यांची दुमजली भिंत. ऊन येत नाही, पण दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो. एसटीतून निवृत्त झालोय, त्यामुळे अधूनमधून आठ-आठ दिवस लेकीकडे पुण्याला असतो. मागे पाणी घालणारं कुणी नाही. सौ. म्हणते मोगरा लावा. नर्सरीवाला म्हणतो अरेका पाम घ्या, आणि मोठ्या कुंड्यापण घ्या. सुट्टीत नातू येतो, तो अजून रांगतोय आणि दिसेल ते तोंडात घालतो. काय लावू?

कृष्णाकाठची
काका, मी सांगलीत विश्रामबागला. मोगऱ्याचा नाद सोडा. पाच-सहा तास ऊन मिळालं तर फुलतो, नाहीतर नुसत्या लांब काड्या काढत बसतो. जास्वंदीचंही तेच. काकूंना हवाच असेल तर गच्चीवर.

तुमच्यासाठी पहिलं झाड झेडझेड. मातीखाली त्याला बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठवतं. आठ दिवस सोडा, तीन आठवडे गेलात तरी त्याला पत्ता लागणार नाही. दुसरं स्नेक प्लांट. मग मनीप्लांट आणि सिंगोनियम, ही दोन्ही टांगून. पाम घ्यायचाच तर अरेकापेक्षा रॅफिस बघा. महाग पडतो, वाढायला वेळ लावतो, पण कमी उजेडात अरेकापेक्षा बरा टिकतो.

आता खरं सांगते. सावलीतलं झाड पाण्यावाचून क्वचित मरतं, जास्त पाण्याने मरतं. ऊन नाही म्हणजे माती लवकर वाळत नाही. त्यात नर्सरीवाल्याचं ऐकून छोट्या रोपाला भली मोठी कुंडी घेतली, की मुळं पोचलेली नसतात त्या भागातली माती ओलीच राहते आणि कूज तिथून सुरू होते. रोपाच्या पिशवीपेक्षा दोन इंच रुंद कुंडी पुरे. आपल्याकडची नुसती काळी माती भरू नका, ती पाणी धरून ठेवते. लाल माती, कोकोपीट आणि थोडं जुनं शेणखत, वर मूठभर जाड वाळू. पाण्याचा वार ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच घाला.

अजून एक, उत्तरेकडच्या पोर्चला वर्षभर सावली असते हे अर्धंच खरं. मार्चअखेरीनंतर सूर्य उत्तरेकडे झुकून उगवतो-मावळतो. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन कडेला येऊ शकतं. समोरची भिंत किती अडवते ते बघा. ॲग्लोनिमा घेतलात तर त्या दोन महिन्यांत आतल्या भिंतीला सरकवा, पानं भाजतात.

बेडगचा
ताई बरोबर बोलल्या. पण काका, पानवेल का नाही लावत? आमच्याकडे आरग-बेडगला पानमळ्यात शेवगा, शेवरी लावून मुद्दाम सावली धरतात, वेलीला कडक ऊन सोसत नाही. एक काठी द्या, चढती आपोआप. फक्त तिला ओल लागते, आठ दिवसांचं तुमचं गणित तिथं बसणार नाही. शेजाऱ्यांशी बरं असेल तरच लावा.

हिरवी खिडकी
बाळाचं कुणी बोललंच नाही! झेडझेड, मनीप्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, डायफेनबाकिया या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडात आग होते, ओठ-जीभ सुजते. डायफेनबाकिया तर आणूच नका. स्नेक प्लांट खाल्लं तर उलट्या होऊ शकतात. खाली ठेवायला स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न किंवा कास्ट आयर्न प्लांट घ्या, ती विषारी नाहीत. फर्नला मात्र पाण्याचे लाड लागतात, म्हणून तुम्हाला पहिलं आणि तिसरं.

कृष्णाकाठची
हे बरं आठवलंत. काका, झेडझेड उंच कट्ट्यावर. स्पायडरची टोकं तपकिरी झाली तर घाबरू नका, बोअरच्या क्षारांनीही होतं. आमच्याकडे हा ताप कायम, मी पावसाचं पाणी भरून ठेवते.

गोडोलीकर
आभारी आहे. म्हणजे खाली स्पायडर आणि कास्ट आयर्न, कट्ट्यावर झेडझेड आणि स्नेक, वर मनीप्लांट. पानवेलीचं सौ.ला सांगितलं तर मोगरा विसरून तीच धरून बसली आहे. एक विचारू का, आमच्याकडे जुलैत वाऱ्यासोबत झड थेट पोर्चमध्ये येते. खाली ताटल्या ठेवू का?

कृष्णाकाठची
पावसाळ्यात ताटल्या काढूनच टाका. मुळं पाण्यात बसतात, वर डेंग्यूचे डास. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे तळाचं भोक मोकळं राहील. आणि झेडझेड, स्नेक दोन्ही भिंतीकडे आत ओढा. झड लागत असेल तर वरून पाणी घालायची गरजच नाही. पानवेल मात्र बाहेरच्या कडेला चालेल, फक्त तिच्याही कुंडीत पाणी तुंबू देऊ नका.