अनुभव धागा: स्विचफूट – एक गाणं, तीन मुद्रणं

धागाकर्ता:
स्विचफूट या अमेरिकी बँडवर बोलताना गाडी बहुतेक वेळा "ख्रिस्ती बँड की साधा रॉक बँड?" याच फाट्यावर अडकते. या धाग्यात तो वाद नको. ज्यांनी या सॅन डिएगोच्या मंडळींचे अल्बम बारकाईने ऐकले आहेत, जमवले आहेत, वाजवले आहेत, त्यांनी उपयोगी पडेल अशी माहिती लिहावी. सुरुवातीला एक धागा हातात देतो. त्यांचं एकच गाणं तीनदा मुद्रित झालंय: २००० साली 'लर्निंग टू ब्रीद'वर 'आय डेअर यू टू मूव्ह' म्हणून, २००३ साली 'द ब्यूटिफुल लेटडाउन'वर 'डेअर यू टू मूव्ह' म्हणून, आणि २०२३ साली त्याच अल्बमच्या 'अवर व्हर्जन'मध्ये. ही तिन्ही मुद्रणं लागोपाठ ऐका, जवळजवळ अख्खी कारकीर्द कळते.

सहावी तार:
आधी माणसं. १९९६ मध्ये जॉन फोरमन (गायन, गिटार), त्याचा धाकटा भाऊ टिम (बास) आणि चॅड बटलर (ड्रम्स) असे तिघंच होते. नाव आलं समुद्रावरून: लाटेवर फळी चालवताना पुढचा पाय मागे आणि मागचा पुढे घेऊन उभं राहायची पद्धत बदलणं म्हणजे स्विचफूट. १९९७ चा 'द लेजंड ऑफ चिन' ऐकताना हे तिघं असणं लक्षात ठेवा. एकच गिटार असल्यामुळे गायन चालू असताना गिटार मागे सरते आणि बास पुढे येऊन पोकळी भरते. पुढे २००० च्या सुमारास जेरोम फोंटामियास कीबोर्डवर आला (तो गिटारही वाजवतो), मग ड्रू शर्ली दुसऱ्या गिटारला. ड्रू २०२२ मध्ये बाहेर पडला. वाजवायला बसणाऱ्यांसाठी: तिघांचा बँड असेल तर पहिल्या दोन अल्बमांपासून सुरुवात करा. २००३ नंतरची गाणी दोन गिटारींशिवाय लंगडी वाटतात, कारण एक गिटार स्वर धरून ठेवते आणि दुसरी तुकडा वाजवते. एकट्याने दोन्ही करायला गेलं की दोन्ही सुटतात.

खारा वारा:
'न्यू वे टू बी ह्यूमन' (१९९९) कुणी वगळू नका. त्यातल्या दोन गाण्यांच्या कंसात थेट तत्त्वज्ञ बसलेत, एकात सोरेन (कीर्केगार्द) आणि दुसऱ्यात ऑगस्टिन. जॉनच्या लिहिण्याची जात इथे कळते: उत्तर देण्याआधी प्रश्न नीट मांडायचा. म्हणून ही गाणी उपासनेत सामूहिक गायला अवघड जातात. सभेला म्हणता यावं असं "आम्ही" त्यात थोडं, एकट्याचं "मी" जास्त. याच अल्बममध्ये 'ओन्ली होप' आहे, दादऱ्यासारखं सहा मात्रांत डोलणारं. चारच्या ठेक्यावर बसवायचा प्रयत्न केलात तर शब्द अडखळतील.

मिक्सरवाला:
'ओन्ली होप'वरून हक्कांचा हिशेब समजतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात: एक रचना (शब्द आणि चाल), दुसरी ते विशिष्ट मुद्रण, म्हणजे मास्टर. चित्रपटात मूळ मुद्रण वापरायचं तर दोन्ही मालकांची परवानगी लागते. २००२ च्या 'अ वॉक टू रिमेम्बर'मध्ये दोन्ही प्रकार आहेत. 'ओन्ली होप' नायिका मँडी मूरने स्वतः गायलं, म्हणजे स्विचफूटची रचना, पण मुद्रण नवं. 'डेअर यू टू मूव्ह' मात्र बँडच्याच आवाजात, अर्थात २००० चं मुद्रण, कारण दुसरं तोवर अस्तित्वात नव्हतं. चित्रपट पाहून २००३ चा अल्बम घेणाऱ्याला गाणं "काहीतरी वेगळं" वाटतं ते यामुळेच.

लेबलांची, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपन्यांची, उतरंडही याच हिशेबाने लावा. पहिले तीन अल्बम संगीतकार-निर्माता चार्ली पीकॉकने काढलेल्या री:थिंक या छोट्या लेबलचे. ते स्पॅरो या ख्रिस्ती लेबलकडे गेलं, म्हणजे ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांच्या बाजारात. 'द ब्यूटिफुल लेटडाउन' कोलंबिया या मोठ्या लेबलच्या घरातून रेड इंकच्या नावाने सर्वसाधारण दुकानांत गेला आणि ख्रिस्ती बाजारात स्पॅरोमार्फत. दोन्ही वाटा एकदम उघड्या ठेवणं हे त्यांचं खरं यश. 'मेंट टू लिव्ह' अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, बिलबोर्ड हॉट १०० वर, १८ व्या आणि 'डेअर यू टू मूव्ह' १७ व्या क्रमांकापर्यंत चढलं, ते ख्रिस्ती दुकानांतला श्रोता न गमावता. माझ्या मते त्या काळातल्या फार थोड्या बँडना हे साधलं.

जुनी तबकडी:
जुन्या सीडी घेणाऱ्यांनी 'नथिंग इज साउंड' (२००५) जपून घ्या. अल्बम उत्तम, बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत थेट ३ ऱ्या क्रमांकावर उतरलेला. पण कोलंबियाची मालक कंपनी सोनी बीएमजीने त्या वर्षी ज्या सीडींवर एक्ससीपी नावाची नक्कलरोधक आज्ञावली घातली, त्यांत हाही होता. विंडोजच्या संगणकात सीडी सरकवली की ऑटोरनने तिची खिडकी उघडायची. "मान्य" दाबलं की ती आत बसायची आणि $सिस$ अशा रोमन अक्षरांतल्या उपसर्गाने सुरू होणारी कुठलीही फाइल दडवायची. त्या आडोशाला बाहेरचे व्हायरसही लपू शकत. हाताने फाइली उडवल्या तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा, कारण ती ड्राइव्ह चालवणाऱ्या आज्ञावलीतच (ड्रायव्हरमध्ये) शिरलेली असायची. शिवाय गाणी आयपॉडवर सरळ जात नसत. टिम फोरमनने स्वतः चाहत्यांना यातून वाट काढायची पद्धत लिहून दिली होती. ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस प्रकार उघड झाला आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने सीडी परत मागवल्या.

ओळखायचं कसं: पुढच्या बाजूला डाव्या कडेच्या उभ्या पट्टीवर "कंटेंट प्रोटेक्टेड" असं इंग्रजीत छापलेलं असतं. मागच्या सुसंगततेच्या चौकटीतल्या संकेतस्थळाच्या पत्त्यात एक्ससीपी ही अक्षरं सापडली की नक्की समजा. साध्या सीडी प्लेअरला काहीच त्रास नाही. विंडोजवर घालायचीच असेल तर आधी ऑटोप्ले बंद करा, वर सीडी आत जाताना शिफ्ट दाबून धरा, आणि खिडकी आलीच तर काहीही मान्य न करता सीडी बाहेर काढा. लिनक्सवर ही आज्ञावली चालत नाही. गाणी नेहमीच्या पद्धतीने उतरतात.

सहावी तार:
तबकडी, नेमकी माहिती दिलीत. थोडं पुढचं जोडतो. 'ओह! ग्रॅव्हिटी' (२००६) नंतर त्यांनी कोलंबिया सोडलं, 'लोअरकेस पीपल' हे स्वतःचं लेबल काढलं आणि सॅन डिएगोतच स्वतःचा स्टुडिओ उभारला. घड्याळावर भाडं चढत नसलं की काय होतं ते 'हॅलो हरिकेन'मध्ये (२००९) ऐकू येतं. ऐंशीच्या घरात गाणी लिहून त्यांतली बारा ठेवली. याच अल्बमला २०११ मध्ये रॉक किंवा रॅप गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी मिळालं. स्वतःच्या स्टुडिओचा धोका मात्र उलटा असतो: थांबवणारं कुणी नसतं, थरावर थर चढतात. या अल्बममध्ये ड्रम्स आणि गायन मोकळं ठेवलंय म्हणून तो तोल सांभाळला गेला.

मिक्सरवाला:
आता तिसरं मुद्रण. जुन्या मास्टरचा मालक लेबल असला तरी रचना आपली असेल तर बँड तीच गाणी पुन्हा मुद्रित करू शकतो. फक्त करारात पुनर्मुद्रणाला काही वर्षांची बंदी असते, ती आधी सरावी लागते. २०२३ चं 'अवर व्हर्जन' या जातीचं. नाव न वाचता ओळखायचं असेल तर अल्बमच्या तपशिलात गोलातल्या 'पी' या खुणेपुढचं साल बघा, ते मुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं साल असतं. संगीताच्या ॲपमध्ये गाण्यांची यादी करताना तिन्ही 'डेअर यू टू मूव्ह' एका नावाखाली गोळा होतात आणि ॲप परस्पर एकच ठेवतं. म्हणून शीर्षकात साल घालून ठेवा: २०००, २००३, २०२३. कानांनी तपासायचं तर गिटारीपेक्षा आवाज ऐका. पहिल्यात विशीतला पोरगा आहे, तिसऱ्यात पंचेचाळिशीतला माणूस. शब्द तेच, पण "हल, उठ" हे आव्हान आता तो समोरच्यापेक्षा स्वतःला देतोय असं वाटतं.