विषय: कोजागिरीचं दूध आणि आमची ओवी

नमस्कार मंडळी,

ओवी सात वर्षांची आहे. दूध-सीरियल खाल्लं की तासाभरात तिचं पोट गुडगुडतं, फुगतं आणि पाण्यासारखी शी होते. डॉक्टरांनी दोन आठवडे दूध बंद करून पुन्हा द्यायला सांगितलं. बंद केलं तर त्रास थांबला, सुरू केल्यावर पुन्हा तेच. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही, असं निदान झालंय. सांगलीहून सासूबाई म्हणतात, "आपल्या घराण्यात कुणाला दूध बाधलं नाही, हे तुमच्या अमेरिकेचं खूळ!" आता दही-तूपही बंद करू का? आणि कोजागिरीला बाकीची पोरं मसाला दूध पिताना हिला काय देऊ?

– ओवीची आई

---

उत्तर:

बदामाचं दूध सुरू करा. आमच्याकडे सगळे तेच पितात.

---

उत्तर:

बदामाच्या दुधात प्रथिनं नावालाच असतात, वाढत्या मुलाला ते गाईच्या दुधाची बरोबरी करणारं नाही. कॅल्शियम घातलेलं सोया दूध त्यातल्या त्यात जवळचं.

ओवीच्या आईला: दही-तूप बंद करू नका. लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम लहान आतड्यात तयार होतं आणि वयाबरोबर बहुतेकांत कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांची हीच गत आहे, तेव्हा सासूबाईंना सांगा, खूळ अमेरिकेचं नाही. जुलाबाच्या साथीनंतर आतड्याचं अस्तर दुखावलं तरी हे होतं, पण ते बहुधा काही आठवड्यांत भरून येतं.

तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दह्यातलं विरजणाचे जंतू बरंचसं फोडतात. चक्का टांगला की पाण्याबरोबर आणखी निघून जातं, म्हणून श्रीखंड बऱ्याच मुलांना सोसतं. पेढा, बासुंदी, खवा यांच्यापासून मात्र लांब राहा. थोडं दूध जेवणासोबत दिलं तर कदाचित चालेलही, हळूहळू अंदाज घ्या.

कॅल्शियम विसरू नका. चार ते आठ वर्षांच्या मुलांना रोज 1000 मिलिग्रॅम लागतं. कपभर दुधात 300 च्या आसपास मिळतं, तेवढ्यासाठी जवळजवळ 100 ग्रॅम नाचणीचं पीठ लागेल. एवढी भाकरी कुठलं पोर खातंय? त्यापेक्षा लॅक्टोज-फ्री दूध द्या. ते खरं दूधच असतं, फक्त लॅक्टेज आधीच घातलेलं.

मात्र अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही झालं तर ती दुधाची ॲलर्जी असू शकते. त्यात लॅक्टोज-फ्री दूधही चालत नाही. अशा वेळी यादीवर विचारत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

– मंडळातला निवृत्त बालरोगतज्ज्ञ

---

उत्तर:

खाद्य समितीकडून: दूध आटवलं म्हणून लॅक्टोज उडून जात नाही, उलट वाटीगणिक वाढतं. म्हणून यंदा एक वेगळं पातेलं लॅक्टोज-फ्री दुधाचं. ते मुळातच गोड लागतं, साखर निम्मी पुरते. पण लवकर लालसर होतं आणि तळाला धरतं, म्हणून मंद आंचेवर ठेवायचं आणि उलथणं हातातून सोडायचं नाही. वेलची, जायफळ, केशर नेहमीप्रमाणे. बदाम-पिस्ते वेगळ्या वाटीत, कारण त्यांची ॲलर्जी असलेली दोन मुलं आहेत.

पातेल्यावर निळी चिठ्ठी असेल आणि दोन्हींचे डाव वेगळे. किती मुलांसाठी करायचं ते गुरुवारपर्यंत याच धाग्यात कळवा. "आयत्या वेळी बघू" म्हणणाऱ्यांनी आपलं दूध घरून आणावं.