जुन्या उभ्या पियानोच्या पिना धरत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावच्या कॅम्पातल्या एका बंगल्यातून काकांनी फार वर्षांपूर्वी घेतलेला इंग्लिश पियानो आता शहापूरला आमच्याकडे आलाय. 85 पट्ट्यांचा, आतली चौकट पूर्ण लोखंडी. हातोड्यांच्या नमद्याला कसर लागलीय, पण ते बदलता येईल. खरं दुखणं पिनांचं, म्हणजे तारा ज्यांना गुंडाळून ताणतात त्या लोखंडी खुंट्यांचं.

मधल्या सप्तकातल्या तारा सुरात आणल्या की चार-दोन दिवसांत पुन्हा उतरतात. पिना ज्या लाकडी ठोकळ्यात बसतात त्याची भोकं सैल झाली असावीत. इथला पावसाळा आणि मग मार्च-एप्रिलचा कोरडेपणा. लाकूड फुगणार, आकसणारच. एका सुताराने भोकांत भुसा आणि फेविकॉल भरायचा सल्ला दिला, त्याला मी हात जोडले.

जरा जाड पिना ठोकून भागेल का? ठोकळ्याला आत चीर असेल तर ती वाढेल अशी भीती वाटते. भोकात पातळ सुपरग्लू सोडतात म्हणे, कोणी करून पाहिलंय का? शिवाय सगळा पियानो अर्धा स्वर खाली आहे. सगळ्या तारांचा मिळून ताण 15-20 टनांच्या घरात जातो, त्यामुळे 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरापर्यंत एकदम चढवायला धीर होत नाही. टप्प्याटप्प्याने चढवावा की खालीच राहू द्यावा?

मिरज जवळ आहे, पण तिथला हात सतार-तंबोऱ्याचा. गोवा किंवा पुण्याकडचा जाणकार माहीत असेल तर सांगा. चोर्ला घाटातून पियानो न्यायची माझी तयारी नाही, माणूसच इकडे यायला हवा. प्रवासखर्च देऊ, राहणं-जेवण आमच्याकडे.