सल्ला हवा: जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, रोजच्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर कोणती?

आसरापूल (धागाकर्ती):
नमस्कार. राहायला जुळे सोलापूर, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, येताना भाजी, अधूनमधून आईकडे बाळीवेशीत चक्कर. जुन्या पेट्रोल गाडीचा आता गॅरेजचाच खर्च जास्त झालाय, म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलंय. बजेट ऑनरोड १ लाख, फार तर पाच हजार इकडेतिकडे. अडचण अशी की फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पार्किंगमधला सोसायटीचा प्लग वापरायचा नाही असं सेक्रेटरींनी सांगून ठेवलंय. शिवाय कारखान्यात गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडखाली असते. उन्हाळ्यात बॅटरीचं काय होतं तेही सांगा.

सातरस्ता_काका:
ताई, डोळे झाकून एथरची रिज्टा घ्या, तीही ३.७ किलोवॅटअवर बॅटरीवाली. माझ्याकडे आहे. सीटखाली ३४ लिटरची डिकी, हेल्मेट ठेवून वर दोन किलो भाजी बसते. सीट इतकी लांब की मिसेस आणि नात दोघी मागे आरामात बसतात. प्रो पॅकचे (जास्तीच्या सॉफ्टवेअर सोयींचे) पैसे वेगळे पडतात, पण तो घ्याच, नाहीतर निम्मी मजा गेली. ऑनरोड दीड लाखाच्या आसपास धरा. वस्तू एकदाच घ्यायची असते.

गठ्ठेवाला:
बजाजची चेतक बघा की. पत्र्याची बॉडी आहे, प्लास्टिक नाही. मी रोज वापरायलोय. पुढं पाय ठेवायच्या जागेत टॉवेलचा गठ्ठा, मागं एक गठ्ठा, अशोक चौकातून निघतो ते थेट ट्रान्सपोर्टला. एवढ्या वजनावर पेट्रोल गाडी रडायची. ही हूं की चूं करत नाही. नवीन ३५ सिरीजमध्ये बॅटरी पायाखाली गेली, त्यामुळं डिकी ३५ लिटरची झाली. गाडी आकुर्डीची, आपल्या महाराष्ट्रातली.

वैशाखवणवा:
कोणतीच इलेक्ट्रिक घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. एक लाखात चांगली १२५ सीसी बसते, पाच मिनिटांत टाकी फुल. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४३-४४ ला जातो. पत्र्याच्या शेडखाली त्या बॅटरीचं काय होणार, तुम्हीच विचार करा.

गठ्ठेवाला:
@वैशाखवणवा, आणि इलेक्ट्रिकवर जीएसटी किती ते का नाही सांगत? ५ टक्के. २०१९ पासून तोच आहे. वर पेट्रोल शंभरीपार. ताईंनी इलेक्ट्रिक ठरवूनच धागा काढलाय.

विडीघरकुल:
लेकीच्या कॉलेजसाठी आम्ही कमी वेगाची घेतली होती. २५ च्या वर पळत नाही, मोटर २५० वॅटची, म्हणून नंबर प्लेट नको, लायसन्स नको. दुकानदाराने गोड बोलून गळ्यात मारली. आत लेड-अॅसिड बॅटऱ्या. दुसऱ्या उन्हाळ्यातच पार बसल्या, नवीन सेटचा भाव ऐकून आम्ही गाडी तशीच कोपऱ्यात लावली. आणि मागे उसाची ट्रॉली हॉर्न मारतेय, मुलगी पंचवीसने जातेय, हे बघून माझा जीव अर्धा व्हायचा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण आरटीओ पासिंग होणारी, हिरव्या प्लेटचीच घ्या.

सातरस्ता_काका:
अगदी बरोबर. मोठी बॅटरी घ्या म्हणतो ते त्यासाठीच. रिज्टा.

केगावची_वाट:
कंपनी कोणतीही घ्या, आधी सर्व्हिस सेंटर बघा. माझी (नाव घेत नाही) एका चार्जरच्या पार्टसाठी महिनाभर शेडमध्ये उभी होती. फोन केला की एकच उत्तर, पुण्याहून पार्ट निघालाय. तोवर विद्यापीठापर्यंत मी रिक्षा आणि लिफ्टवर काढले. शोरूम नुसतं चकाचक असून भागत नाही. मागे जाऊन मेकॅनिक किती, आणि किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते डोळ्यांनी बघा. हप्ता मात्र कधी थांबत नाही.

पूर्वभाग:
वर सांगितल्याप्रमाणे सर्व्हिस बघा, +१. बॅटरी काढून घरात नेता येते अशी हिरोची विडा व्हीएक्स२ आहे ना? सोसायटीचं झंझटच नको. बॅटरीचं भाडं भरायची योजनाही आहे, म्हणजे गाडी बजेटमध्ये बसेल. माझ्या मेहुण्याकडे आहे.

सातरस्ता_काका:
दोन जिने रोज बॅटरी वाहायची? पाणी भरलेली घागर घेऊन चढल्यासारखं आहे ते. दहा किलोच्या आसपास वजन असतं. आज जमेल, गुडघे बोलायला लागल्यावर काय?

वायरमन_लष्कर:
ताई, गाडीचं नंतर बघा, आधी चार्जिंगचं ऐका. तुमच्या फ्लॅटचा मीटर कुठे आहे? बहुतेक अपार्टमेंटमध्ये सगळे मीटर खालीच, जिन्याखाली किंवा पार्किंगच्या भिंतीवर असतात. तुमच्याच मीटरच्या पुढून, म्हणजे घराकडे जाणाऱ्या बाजूने, वेगळी लाइन काढायची. तिला १६ अँपिअरची एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारी), आणि तीन कोअर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाइपातून थेट तुमच्या जागेपर्यंत. टोकाला कुलपाचा डबा, आत १६ अँपिअरचा सॉकेट. युनिट तुमच्याच बिलात येतात, सोसायटीचा एक पैसा जात नाही. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या सूचनांमध्ये मुभा आहे, तेवढं सेक्रेटरींना नम्रपणे सांगा आणि अर्ज लेखी द्या.

दुसरं, अर्थिंग. चार्जर चालू होत नाही म्हणून लोक कंपनीला शिव्या घालतात आणि दोष निघतो घरच्या अर्थिंगचा. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते, जुन्या बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. मी गेल्या मे महिन्यात होटगी रोडला एका ठिकाणी झाकण काढलं तर आत भेगा पडलेल्या, तारेची गंजून काडी झालेली. तार बदलली, कोळसा-मीठ भरलं, दोन बादल्या पाणी ओतलं, गाडीवर लगेच हिरवा दिवा लागला. फेजला आणि अर्थला बल्ब लावून पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजू नका. अर्थ टेस्टरने मोजून घ्या. आणि एक्स्टेंशन बोर्डवर गाडी कधीच लावू नका.

वैशाखवणवा:
हे सगळं करून वर स्लॅब वाढणार ते कोण सांगणार? महावितरणचे १०० आणि ३०० युनिटचे टप्पे आहेत. बिल फुगतं.

वायरमन_लष्कर:
रोजच्या वीस किलोमीटरला चार्जिंगमधली घट धरून एक युनिटही लागत नाही. महिन्याचे पंचवीस धरा. टप्पा ओलांडला आणि वरचा दर लागला तरी तीनेकशे रुपये. पाचशे किलोमीटरला पेट्रोल अकरा लिटर लागतं, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

गठ्ठेवाला:
घ्या. आता बोला.

उन्हातली_सावली:
उन्हाचा प्रश्न मागेच राहिला. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही हे खरं, पण तिचं जास्त नुकसान होतं ते तापलेली असताना फुल चार्ज करून तशीच ठेवल्याने. मेमध्ये दुपारी घरी आलात की लगेच प्लग लावू नका. तास-दीड तास निवू द्या. रात्री जेवणं झाल्यावर लावली तर उत्तमच. रोज १०० टक्क्यांचा अट्टहास नको, ८०-८५ ला काढली तरी तुमचं काम होतं. पत्र्याखाली उभी राहते त्याने फारसं बिघडत नाही, फक्त ऊन थेट सीटवर-डिकीवर येणार नाही अशा बाजूला लावा. कंपनी कागदावर जी रेंज (एका चार्जमध्ये किती किलोमीटर) देते तिच्या पाऊण पट धरून चाला. साठच्या वर पळवलीत की अजून कमी. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ चे कडक नियम पूर्ण लागू आहेत, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून त्याआधीची सेकंडहँड नको.

पूर्वभाग:
सेकंडहँड मीही सुचवणार होतो. बरं.

आसरापूल (धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर खरंच जिन्याखालीच निघाला. वायरमन दादांनी सांगितलं तसं लिहून अर्ज दिला, सेक्रेटरींनी सही केली. फक्त केबल भिंतीच्या कडेने पाइपातून न्या म्हणाले. अर्थिंगही तपासून घेतलं, खड्ड्यात पाणी घालावंच लागलं.

गाडी टीव्हीएसची आयक्यूब, २.२ किलोवॅटअवर बॅटरीची, बुक केली. काका, रिज्टा खरंच आवडली, चालवूनही बघितली, पण माझ्या वीस किलोमीटरला एवढ्या मोठ्या बॅटरीचे पैसे भरणं मला पटत नाही. उरलेले पैसे मुलाच्या फीला लागतील. रेंज कंपनी ७५ किलोमीटर सांगते, मी पंचावन्न धरते. दोन दिवसांतून एकदा लावली की झालं, ८० टक्क्यांना तीन तासही लागत नाहीत. सर्व्हिस सेंटरला मागच्या बाजूने जाऊन बघितलं, उभ्या गाड्या थोड्याच होत्या आणि मेकॅनिक नीट बोलला.

सातरस्ता_काका:
अभिनंदन ताई. पण २.२ कमी पडेल, लिहून ठेवा. अक्कलकोटला दर्शनाला जायचं म्हटलं तर जाऊन-येऊन ऐंशी होतात, काय करणार?

आसरापूल (धागाकर्ती):
अक्कलकोटला एसटीने जाते काका. दर गुरुवारी आमचा सहा-सात जणींचा ग्रुप असतो.

वायरमन_लष्कर:
गाडी ताब्यात घेताना चार्जरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का बघून घ्या. हब मोटर आहे, म्हणजे मोटर मागच्या चाकातच असते. मागचं चाक पंक्चर झालं तर रस्त्यावरच्या कोणालाही चाक खोलू देऊ नका. टायर ट्यूबलेस आहे, चाक जागेवर ठेवूनच पंक्चर निघतं.