शशिकलाबाईंवर दोन तासांचा कार्यक्रम: काय दाखवावं?

प्रश्न: सोलापुरात जन्मलेल्या हिंदी सिनेमातल्या अभिनेत्री शशिकलाबाईंवर वाचनालयात दोन तासांचा कार्यक्रम करायचाय. खलनायिकेच्या भूमिका सोडून काय घ्यावं?

चादरवाला: 'सुजाता' (१९५९). त्यातली त्यांची रमा अवखळ, मनानं निर्मळ. पण खलनायिका असली तरी 'आरती' (१९६२) नि 'गुमराह' (१९६३) टाळू नका. दोन्हींसाठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालंय.

कडकभाकरी: 'गुमराह'चा शेवट मात्र नको. त्यांनी केलेली लीला खरी कोण ते तिथंच कळतं, नंतर घरी सिनेमा बघणाऱ्याची मजा जाते. तुकडे आठ-दहा मिनिटांचेच ठेवा, नाहीतर बोलायला वेळ उरत नाही.

सिद्धेश्वरपेठ: सुरुवात 'झीनत'मधल्या (१९४५) कव्वालीनं करा. घोळक्यात त्या पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून चित्र थांबवून दाखवा. आणि पद्मश्री २००७ची. पत्रिकेत नीट छापा बुवा.