जागा रिकाम्या ठेवल्या आणि रेटिंग कामाला असलेल्यांचं पडलं, हे आकड्यांत कसं दाखवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एचआरमध्ये आहे, फार सिनियर नाही, अर्धा दिवस एक्सेलमध्येच जातो. तर एका टीमला 14 जागा मंजूर आहेत आणि कामाला 11 जण, गेले कित्येक महिने असंच चाललंय. गेलेल्यांतले एक जण रिटायर होणार होते बरं का, म्हणजे तारीख पहिल्या दिवसापासून फाइलला लिहिलेली, तरी हायरिंगची रिक्वेस्ट ते गेल्यावर निघाली! आता अप्रेझलमध्ये मॅनेजर म्हणतात टीम ढेपाळलीये, ट्रेनिंग लावा.

ट्रेनिंग लावायच्या आधी मी शीट उघडून बसले. चौदा जणांचं काम अकरांत वाटलं तर प्रत्येकावर साधारण 27 टक्के जास्त येतं. एका मुलीच्या नावावर आधी महिन्याला 60 केसेस असायच्या, आता 78, चुका वाढल्या म्हणून रेटिंग 4 वरून 2. वर जो नवीन येईल त्याला शिकवायला हीच बसते, आणि ते तास कुठेच धरले जात नाहीत. तिला कसलं ट्रेनिंग देऊ मी?

मला वाटतं दोष प्लॅनिंगचा आहे, पण नुसतं वाटून मीटिंगमध्ये कोण ऐकतंय. काय मांडू?

प्रतिसाद १:
परफॉर्मन्सला क्षमता, इच्छा आणि संधी तिन्ही लागतात, ट्रेनिंगने त्यातली फक्त क्षमता वाढते. तुमच्याकडे गोची संधीची दिसतेय, म्हणजे वेळ आणि माणसं. महिन्याप्रमाणे रिकाम्या जागा एका कॉलमात टाका, शेजारी चुका, ओव्हरटाइम, नाकारलेल्या रजा. मग बघा चुका जागा रिकामी झाल्यावर वाढल्यात की आधीपासूनच वाढत होत्या. आधीपासून असतील तर मॅनेजर बरोबर आहेत, तेही मान्य करायची तयारी ठेवा. जमलं तर तसंच काम करणारी पण पूर्ण भरलेली टीम शेजारी ठेवा, सगळीकडेच घसरण असेल तर कारण वेगळं. आणि भरती झाली की लगेच सुधारेल असं कबूल करून बसू नका. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्सनी 1975 मध्येच सॉफ्टवेअरबद्दल लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की ते अजून लांबतं, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. नवीन माणसाचे पहिले काही महिने वेगळ्या रंगात दाखवा.

धागाकर्ती:
केलं तसं. आधी घामच फुटला, चुका फेब्रुवारीपासून वाढल्यात आणि पहिली जागा रिकामी झाली मार्चअखेर. मग हजेरी काढली. ते रिटायर होणारे काका शिल्लक रजा संपवायला शेवटचे दोन महिने घरीच होते, कागदावर जागा भरलेली आणि खुर्ची रिकामी. आता मंजूर जागांऐवजी रोजची हजेरी धरून सगळी शीट परत करतेय.